इंटरनेट दूरध्वनी आणि संस्थेची भिंत : अडलेल्या आवाजाच्या दोषशोधनाचा इतिहास (१९९४ ते २०२१)

गोषवारा

इंटरनेटवरून होणारा दूरध्वनी संस्थेच्या फायरवॉलपाशी अडतो, ही घटना सामान्यतः तंत्रज्ञांच्या कक्षेतील मानली जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या घटनेचा इतिहासाच्या दृष्टिकोनातून विचार केला आहे. इंटरनेट पत्त्यांची टंचाई, त्यावर योजलेला तात्पुरता उपाय, आवाज वाहून नेणाऱ्या मानकांची घडण आणि भारतातील दूरसंचार कायद्याची बंधने हे चार प्रवाह एकत्र आल्यामुळे भारतीय कार्यालयातील 'न लागणारा कॉल' घडला, असे येथे दाखविले आहे. तांत्रिक भिंत आणि कायद्याची भिंत या दोहोंनी आपली ओळख उघडपणे सांगणारा आवाज अडविला व वेश पालटलेला आवाज पुढे जाऊ दिला, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन होय.

कळीचे शब्द : इंटरनेट दूरध्वनी, फायरवॉल, पत्ता-भाषांतर, विदेश संचार निगम, दोषशोधन, सोलापूर.

प्रस्तावना

मुंबईत जानेवारी १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. तेव्हापासून सुमारे शतकभर दूरध्वनी न लागण्याची कारणे सर्वांच्या परिचयाची होती. तार तुटलेली असे, ऑपरेटर उत्तर देत नसे, ट्रंक कॉलचा क्रमांक येत नसे किंवा पलीकडचा माणूस घरी नसे. बिघाड कोठे आहे हे निदान ढोबळपणे तरी सांगता येत होते. इंटरनेटवरील दूरध्वनीने ही सोय संपविली. येथे घंटी वाजते, पलीकडचा माणूस कॉल घेतो, आपण त्याचा आवाज ऐकतो; पण आपला आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कधी संभाषण बरोबर अर्ध्या मिनिटाने तुटते. कधी सकाळी चालणारी यंत्रणा दुपारी मुकी होते.

सोलापूरच्या महाविद्यालयांत, चादरी व टॉवेल परदेशी पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कार्यालयांत आणि सोलापूरची हजारो मुले ज्या शहरात नोकरीस आहेत त्या पुण्याच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत हा अनुभव कमीअधिक प्रमाणात येऊन गेला आहे. त्याविषयी तक्रार होते, कोणीतरी येऊन काहीतरी बदलून जाते आणि प्रकरण विस्मरणात जाते. ज्याची नोंद होत नाही त्याचा इतिहास लिहिला जात नाही आणि ज्याचा इतिहास लिहिला जात नाही ती चूक पुनःपुन्हा घडते. या विचारातून सदर विषयाची निवड केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) संस्थात्मक फायरवॉलमागे इंटरनेट दूरध्वनी का अडतो, याची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२) दोषशोधनाच्या पद्धती कोणत्या क्रमाने विकसित झाल्या हे पाहणे.
३) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, कायदेशीर निर्बंधांचा या प्रश्नाशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इंटरनेटची मानके ठरविणारे 'आर.एफ.सी.' या नावाचे सार्वजनिक दस्तऐवज आणि भारतातील दूरसंचार धोरणे व परवान्याच्या अटी हा मुख्य आधार आहे. तांत्रिक दस्तऐवजांकडे इतिहासाची साधने म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही. परंतु वतनपत्रात जसा वाद, तडजोड आणि हक्क दिसतो, तसाच तो या दस्तऐवजांतही दिसतो.

विषय विवेचन

१. पत्त्यांची टंचाई आणि 'पी.पी. नंबर'

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असावा आणि कोणत्याही यंत्राने कोणत्याही यंत्राशी थेट बोलावे, ही मूळ कल्पना होती. परंतु प्रचलित पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटीच होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते अपुरे पडणार हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर.एफ.सी. १६३१ मध्ये एक उपाय सुचविण्यात आला. संस्थेच्या आतील यंत्रांना खासगी पत्ते द्यावेत आणि दारावरील यंत्राने ते बाहेरच्या एका सार्वजनिक पत्त्यात बदलून पुढे पाठवावेत, असा तो उपाय होता. यालाच 'नॅट' किंवा पत्ता-भाषांतर म्हणतात. हा अल्पकालीन उपाय आहे असे सुचविणाऱ्यांनीच नमूद केले होते. फेब्रुवारी १९९६ च्या आर.एफ.सी. १९१८ ने खासगी पत्त्यांचे गट निश्चित केले. आपल्या महाविद्यालयांच्या संगणकांवर दिसणारे '१९२.१६८' किंवा '१०' ने सुरू होणारे पत्ते याच दस्तऐवजातून आले आहेत.

ही व्यवस्था मराठी वाचकाला अपरिचित नाही. घरोघरी फोन नसण्याच्या काळात लग्नपत्रिकेवर किंवा व्यवसायाच्या कार्डावर शेजाऱ्याचा क्रमांक छापून पुढे 'पी.पी.' असे लिहिले जाई. बाहेरच्या जगाला शेजाऱ्याचाच क्रमांक ठाऊक असे. आतून फोन करणे सोपे होते. बाहेरून आलेला फोन कोणासाठी आहे हे शेजाऱ्याला कळले तरच निरोप पोहोचत असे. नॅट म्हणजे संपूर्ण संस्थेचा पी.पी. नंबर होय. आतून कोणी बाहेर विनंती पाठविली की दारावरील यंत्र त्याची नोंद ठेवते आणि उत्तर आल्यावर ते योग्य संगणकाकडे देते. नोंद नसताना बाहेरून काही आले तर ते कोणाचे, हे त्याला कळत नाही. फायरवॉल तर ते जाणीवपूर्वक टाकून देते.

संकेतस्थळ पाहणे, ई-पत्र पाठविणे या व्यवहारांत सुरुवात नेहमी आतून होते. त्यामुळे तेथे अडचण आली नाही. दूरध्वनीचा धर्म मात्र निराळा आहे. दूरध्वनी बाहेरूनही येतो आणि तो कधी येईल हे आधी ठाऊक नसते. प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

२. पाकीट आणि पत्र : आवाजाची मानके

फेब्रुवारी १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने 'इंटरनेट फोन' ही प्रणाली बाजारात आणली. पुढील वर्षी जानेवारीत आवाजाच्या वहनासाठी आर.टी.पी. हे मानक आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे एच.३२३ हे मानक आले. मार्च १९९९ मध्ये 'सिप' हे संभाषण जुळविण्याचे मानक प्रसिद्ध झाले व जून २००२ मध्ये आर.एफ.सी. ३२६१ या क्रमांकाने त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

या रचनेत एका संभाषणाचे दोन स्वतंत्र प्रवाह असतात. पहिला प्रवाह 'कोण, कोणाला, कोठे' हे ठरवितो. तो सामान्यतः ५०६० या पोर्टवरून जातो. दुसरा प्रवाह प्रत्यक्ष आवाजाचा. तो प्रत्येक वेळी वेगळ्या पोर्टवर असतो. १९९९ साली सुरू झालेल्या 'अस्टेरिस्क' या मुक्त प्रणालीत त्यासाठी १०,००० ते २०,००० ही पोर्टची श्रेणी प्रचलित झाली. नेहमीच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला सुमारे ५० तुकडे पाठविले जातात.

आता अडचण अशी की, आपला आवाज कोणत्या पत्त्यावर पाठवावा हे सिप संदेशाच्या आतील मजकुरात लिहिलेले असते. नॅट पाकिटावरील पत्ता बदलते. पाकिटातील पत्र ते वाचत नाही. पत्रात मात्र 'उत्तर खोली क्रमांक चारमध्ये पाठवा' असे लिहिलेले. पलीकडचे यंत्र निष्ठेने खोली क्रमांक चार शोधू लागते. जगात अशा असंख्य खोल्या आहेत, आणि बाहेरून एकीचाही रस्ता नाही. घंटी वाजते पण आवाज येत नाही, याचे हे सर्वांत सामान्य कारण होय.

३. लक्षणांवरून निदान

दोषशोधनाचे शास्त्र या लक्षणांच्या वर्गीकरणातून उभे राहिले. त्यातील चार लक्षणे विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले लक्षण, कॉल मुळीच न लागणे. येथे पहिला प्रवाहच अडलेला असतो. पोर्ट बंद असते किंवा यंत्राची नोंदणी झालेली नसते.

दुसरे लक्षण, आवाज एकाच बाजूने ऐकू येणे. येथे आतून बाहेर जाणाऱ्या आवाजाला वाट आहे, पण बाहेरून आत येणाऱ्याला नाही. अशा वेळी आतील माणसाला काही ऐकू येत नाही आणि पलीकडच्याला सर्व ऐकू जाते. कोणत्या बाजूला शांतता आहे हे नीट विचारले तर दोष कोणत्या भिंतीपाशी आहे हे सांगता येते. प्रत्यक्षात 'आवाज येत नाही' एवढीच तक्रार नोंदविली जाते आणि निदानाचा मुख्य पुरावा तेथेच हरवतो.

तिसरे लक्षण, संभाषण सुमारे बत्तीस सेकंदांनी तुटणे. हा आकडा योगायोगाचा नाही. कॉल घेतल्याची पोच पलीकडून परत यावी लागते. ती आली नाही तर यंत्र पुनःपुन्हा उत्तर पाठविते. मानकातील मूळ कालमापन अर्धा सेकंद असून त्याच्या चौसष्ट पट, म्हणजे बत्तीस सेकंद, वाट पाहून ते संभाषण बंद करते. पोचेचा संदेश चुकीच्या पत्त्यावर गेल्याची ही खूण आहे.

चौथे लक्षण, काही वेळाने बाहेरचे कॉल येणे थांबणे. दारावरील यंत्र आपली नोंद ठराविक मुदतीनंतर पुसून टाकते. अनेक यंत्रांत ही मुदत अर्ध्या मिनिटाइतकी कमी असे. जानेवारी २००७ च्या आर.एफ.सी. ४७८७ ने ती किमान दोन मिनिटे असावी असे सांगितले. पण तोपर्यंत लक्षावधी यंत्रे वापरात आली होती. मधूनमधून रिकामा संदेश पाठवून नोंद जागी ठेवणे, हा त्यावरील व्यावहारिक उपाय ठरला.

उपायांचा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे. फायरवॉल तयार करणाऱ्यांनी पत्र उघडून आतील पत्ता बदलणारी 'ए.एल.जी.' नावाची सोय दिली. हेतू चांगला असला तरी ती अनेकदा मजकूर अर्धवट बदले. परिणामी 'प्रथम ए.एल.जी. बंद करून पाहा' हा या क्षेत्रातील पहिला सल्ला झाला. मार्च २००३ मध्ये 'स्टन' हे मानक आले. आपण बाहेरच्या जगाला कोणत्या पत्त्याने दिसतो हे यंत्राने बाहेरच्या सेवकाला विचारून घ्यावे, अशी त्यातील कल्पना होती. त्याच्या पूर्ण नावात नॅट ओलांडण्याचा 'सोपा' मार्ग असा उल्लेख होता. ऑक्टोबर २००८ मध्ये मानक सुधारले तेव्हा नावाची जुळणी बदलून 'सोपा' हा शब्द गाळण्यात आला आणि ते केवळ एक साधन आहे असे सूचित करण्यात आले. पाच वर्षांच्या अनुभवाने दिलेली ही कबुलीच होय. एप्रिल २०१० मध्ये मध्यस्थामार्फत आवाज वळविणारे 'टर्न' आणि सर्व संभाव्य वाटा तपासून चालणारी निवडणारे 'आइस' ही मानके प्रसिद्ध झाली. १९९४ च्या तात्पुरत्या उपायाची किंमत फेडण्यास अशी सोळा वर्षे लागली.

४. कायद्याची भिंत : मुंबईचे दार

अनेक देशांतील तंत्रज्ञाला न पडणारा एक प्रश्न भारतीय तंत्रज्ञाला पडत असे : हा कॉल बिघाडामुळे लागत नाही, की तो लागूच नये अशी व्यवस्था आहे?

१८८५ च्या तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता. या अधिकाराच्या छत्राखाली १ एप्रिल १९८६ रोजी विदेश संचार निगम (व्ही.एस.एन.एल.) ही सरकारी कंपनी मुंबई मुख्यालयासह स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी तिनेच देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. परदेशी दूरध्वनीचे उत्पन्न आणि इंटरनेटचे दार ही दोन्ही एकाच संस्थेच्या हाती होती. इंटरनेटवरून परदेशी बोलणे म्हणजे त्या संस्थेच्या उत्पन्नाला गळती लागणे होते. १९९८ च्या खासगी इंटरनेट सेवेच्या परवान्यात दूरध्वनीस मनाई करण्यात आली व १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानेही त्या टप्प्यावर परवानगी नाकारली. याच सुमारास निगमाने इंटरनेट दूरध्वनीची संकेतस्थळे अडविली आणि त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. संपूर्ण देशापुढे उभी असलेली ही एक फायरवॉलच होती. तिच्यामागे अडलेल्या कॉलचे दोषशोधन करू पाहणाऱ्याला सर्व पोर्ट तपासूनही काही सापडले नसते.

१ एप्रिल २००२ रोजी निगमाची परदेशी दूरध्वनीवरील मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून संगणकावर, संगणकावरून परदेशातील साध्या फोनवर आणि एच.३२३ अथवा सिप यंत्रांवरून तशाच यंत्रांवर बोलण्याची मुभा होती. भारतातील संगणकावरून भारतातीलच साध्या फोनवर बोलता येत नव्हते. म्हणजे सोलापूरचा टॉवेल-व्यापारी संगणकावरून न्यूयॉर्कच्या ग्राहकाच्या टेलिफोनवर कायदेशीरपणे बोलू शकत होता. अक्कलकोटच्या कारागिराच्या टेलिफोनवर नाही.

कॉल सेंटर व तत्सम व्यवसायांना 'अन्य सेवा पुरवठादार' म्हणून आणखी अटी होत्या. एका शहरातील कार्यालयातून खासगी डेटा वाहिनीवरून दुसऱ्या शहरातील कार्यालयात आवाज न्यायचा आणि तेथून स्थानिक दराने साध्या फोनवर सोडायचा, हा व्यवहार एस.टी.डी.चे शुल्क चुकविणारा म्हणून निषिद्ध होता. त्यासाठी कार्यालयाच्या टेलिफोन यंत्रणेतच दोन जाळ्यांचे 'लॉजिकल पार्टिशनिंग' करावे लागे. ही तरतूद परदेशी उत्पादकांना भारतासाठी मुद्दाम करावी लागली. नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला कॉल तुटल्याचे दिसे, पण तो बिघाड नसून कायद्याचे पालन असे.

या निर्बंधाचे आर्थिक कारण लवकरच क्षीण झाले. १ मार्च २००६ रोजी सरकारी कंपन्यांनी 'वन इंडिया' योजनेत देशभर मिनिटाला एक रुपया दर आणला. ट्रायने २००८ साली निर्बंध उठविण्याची शिफारस केली. तरीही क्रमांकासह इंटरनेट दूरध्वनीचा मार्ग प्रत्यक्षात २०१८ साली मोकळा झाला. दरम्यान परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून अनेक सिमकार्डांच्या साहाय्याने स्थानिक म्हणून वितरित करणारी अवैध एक्स्चेंज उघडकीस येत राहिली. २०१७ साली आपल्या शेजारच्या लातुरात असे प्रकरण पुढे आले. नियम पाळणारे कार्यालय अडले आणि चोरवाट चालू राहिली, हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

५. वेश पालटलेला आवाज

तांत्रिक भिंतीपाशीही हेच घडले. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आले. ज्या कार्यालयात सिप अडत असे तेथे ते सहज चाले. कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासकांनी २००४ साली त्याचे विश्लेषण केले. त्यांपैकी एक हेनिंग शुल्झरीन हे स्वतः सिप व आर.टी.पी. या मानकांचे सहकर्ते होते. स्काइप नेहमीची वाट बंद दिसल्यास संकेतस्थळांसाठी उघड्या असलेल्या ८० व ४४३ या पोर्टचा आश्रय घेत असे आणि आपला मजकूर सांकेतिक ठेवत असे. सिप आपले नाव, गाव, पत्ता उघड सांगत होते, म्हणून ओळखले जाऊन अडविले गेले. स्काइप ओळख लपवीत होते, म्हणून सुटले. २०१५ पासून व्हॉट्सॲपवरील संभाषणानेही हीच परंपरा पुढे चालविली.

सिप मात्र संपले नाही. चौथ्या पिढीच्या जाळ्यावरील 'व्होल्टी' संभाषण याच मानकावर चालते. २०१६ साली जिओची सेवा सुरू झाल्यावर कोट्यवधी भारतीयांनी ते नकळत वापरले. परंतु ते चालते मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या आवारात. कोणीही कोणाशीही थेट बोलावे यासाठी घडविलेले खुले मानक अखेर मोठ्या कंपन्यांच्या भिंतींआड सुरक्षित झाले.

६. भिंतीआतील महाविद्यालय

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि घरून काम करता यावे म्हणून दूरसंचार विभागाने त्याच महिन्यात अटी शिथिल केल्या. ५ नोव्हेंबर २०२० रोजी 'अन्य सेवा पुरवठादारां'ची नोंदणी रद्द झाली व जून २०२१ मध्ये नियम आणखी सुटसुटीत झाले. दशकानुदशके अशक्य मानलेला बदल सव्वा वर्षात झाला. कायद्याची भिंत बरीचशी खाली आली. संस्थेची भिंत मात्र जागेवरच राहिली.

याच काळातील एक अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. एका महाविद्यालयात संशोधक विद्यार्थिनीची मौखिक परीक्षा दूरस्थ पद्धतीने होती. बहिःस्थ परीक्षक बैठकीत दाखल झाल्याचे पडद्यावर दिसत होते, त्यांचे नाव दिसत होते. आवाज मात्र कोणत्याच बाजूने जात नव्हता. दाखल होण्याचा संदेश उघड्या वाटेने गेला होता, आवाजाची वाट बंद होती. विद्यार्थिनी आपल्या चार वर्षांच्या कामाचे कागद हाती घेऊन पाऊण तास बसून होती. अखेर एका शिपायाने स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून दिला आणि तत्काळ संभाषण सुरू झाले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वस्तुतः त्या क्षणी निदान पूर्ण झाले होते : यंत्र तेच, परीक्षक तेच, केवळ जाळे बदलले, म्हणजे दोष संस्थेच्या भिंतीत होता. पण ते कोणी लिहून ठेवले नाही. पुढील परीक्षेस तोच प्रसंग पुन्हा उद्भवला.

निष्कर्ष

१) फायरवॉलमागे इंटरनेट दूरध्वनी अडणे हा केवळ एखाद्या यंत्राचा दोष नसून १९९४ च्या तात्पुरत्या उपायाचा दीर्घकालीन परिणाम आहे.

२) दोषशोधनाची प्रगती लक्षणांच्या काटेकोर नोंदीतून झाली. कोणत्या बाजूला शांतता आहे, किती सेकंदांनी संभाषण तुटले, जाळे बदलल्यावर काय झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतांश निदानास पुरेशी ठरतात.

३) भारतात तांत्रिक दोषाला कायदेशीर निर्बंधाची जोड होती, त्यामुळे बिघाड आणि मनाई यांत फरक करणे कठीण झाले.

४) दोन्ही भिंतींचा परिणाम सारखाच झाला. उघड, प्रमाणित आणि नियमपालक आवाजाची कोंडी झाली. छुपा आवाज पुढे गेला.

समारोप

फायरवॉल नको, असा या विवेचनाचा अर्थ नाही. महाविद्यालयाच्या संगणकांवर विद्यार्थ्यांचे गुण आणि परीक्षेचे कागद असतात. त्यांना संरक्षण हवेच. प्रश्न भिंत असण्याचा नसून तिचे दार कोणी, कोणासाठी आणि कोणत्या कारणाने बंद केले याची नोंद असण्याचा आहे. बहुतेक संस्थांत ही नोंद नसते; यंत्र बसविणारा ठेकेदार बदलला की कारणही त्याच्याबरोबर निघून जाते. ग्रंथालयात जशी दाखल-नोंदवही असते तशी जाळ्याच्या दोषांची एक साधी नोंदवही प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावी आणि कोणते पोर्ट का बंद आहे हा विषय वर्षातून एकदा तरी प्राध्यापकांसमोर यावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. १८८५ च्या अधिनियमाची जागा घेणारा २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला असून त्यातील काही कलमे जून २०२४ पासून अमलात आली आहेत. देशाचे दार कसे असावे यावर त्यानिमित्ताने चर्चा झाली. आपल्या आवाराच्या दाराविषयी चर्चा करण्यास मात्र कोणत्याही अधिनियमाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.